‘जालन्यात बघण्यासारखं आहे काय?’ असं विचारणाऱ्यांना जाहीर इशारा

वेरूळ-अजिंठा उरकून परस्पर घरी निघणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे, सहलीच्या यादीत आमचं नावही न घालणारे टूरवाले आणि लग्नाच्या पंगतीत बसून नाक मुरडणारे आमचेच सोयरे, सगळ्यांनी नीट ऐकावं. हा प्रश्न यापुढे खपवून घेतला जाणार नाही. येत्या धुळवडीपर्यंत मुदत आहे. तोवर शब्द मागे घ्या.

जिल्हा 1 मे 1981 ला झाला, म्हणून आम्ही कालचे ठरत नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दिलेलं दान दगडात कोरलेलं आहे. तिथल्या उत्खननात निघालेल्या हस्तिदंती मूर्तीची घडण कुठे जुळावी? थेट इटलीत, इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी!

आणि आसईची लढाई. 23 सप्टेंबर 1803. शिंदे-भोसल्यांची फौज नदीपलीकडे, आणि वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगताहेत, केळनेला इथे उतार नाही. त्याने पाहिलं तर या काठाला पिंपळगाव, त्या काठाला वरूड, अगदी समोरासमोर. गावं अशी वसली म्हणजे माणसं ये-जा करणारच, असं त्याने ताडलं. उतार निघाला, फौज पाण्यात उतरली आणि त्या रानात हजारोंचं रक्त सांडलं. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हा माणूस, आपली सर्वांत सरस लढाई कोणती म्हटल्यावर आसईचंच नाव घ्यायचा. तिकडे स्कॉटलंडच्या पलटणीने टोपीवरच्या बिल्ल्यात हत्ती आणि ‘आसई’ मिरवलं. इथे आमचे सोयरे विचारतात, आहे काय!

मुदत संपल्यावर ज्याच्या तोंडून हा प्रश्न निघेल, त्याला पंगतीतून उठवून नेलं जाईल. गाडी आमची, जेवण आमचं. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीसमोर उभं करू. माशाचा आकार ओळखल्याशिवाय सुटका नाही. जांब समर्थला, रामदासांच्या जन्मगावी, माथा टेकवावा लागेल. वाटेत जालन्याची मोसंबी: साल हिरवट-पिवळी, नख लावताच बोटांना वास. नाही म्हणता येणार नाही. आणि पुढच्या धुळवडीला जालन्याच्या हत्ती रिसाल्याच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे, पांढरेशुभ्र कपडे घालून. गुलालाची ॲलर्जी वगैरे सबबी चालणार नाहीत.

आता आमच्याच पोरांना. बाहेर कुणी गाव विचारलं की ‘संभाजीनगरजवळ’ म्हणून वेळ मारून नेणं आजपासून बंद. जालना म्हणायचं, छाती काढून म्हणायचं. पुन्हा कानावर आलं तर थेट आजीला कळवलं जाईल.