शितावरून भाताची परीक्षा होत नाही

१९ जुलै २०२४. शुक्रवारची सकाळ. देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. काउंटरवरच्या संगणकांचे पडदे निळे होऊन थिजले होते. अनेकांनी गंमत म्हणून त्या कागदांची छायाचित्रे काढली. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडत नव्हत्या आणि अमेरिकेच्या काही राज्यांत तातडीच्या मदतीचा ९११ हा दूरध्वनी नीट लागत नव्हता. तिथे गंमत वाटण्याजोगे काही नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाच वेळी आडवे झाले.

हल्ला कोणी केला नव्हता. हल्ल्यांपासून संरक्षण देण्याचा व्यवसाय करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीनेच आपल्या ग्राहकांना एक छोटीशी फाइल धाडली होती. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत जे व्हायचे ते होऊन गेले.

कंपनीने पुढे ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेला कारणमीमांसेचा अहवाल मुळातून वाचण्याजोगा आहे. दोष अगदी शाळकरी म्हणावा असा होता. एका भागाच्या व्याख्येत २१ रकाने होते. त्याला माहिती पुरवणारा दुसरा भाग मात्र २० च रकाने भरून देत होता. एकविसाव्या रकान्यात डोकावण्याची वेळ आली तेव्हा सॉफ्टवेअर स्वतःच्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागले आणि संगणक कोसळला. मग हे आधी कळले कसे नाही? चाचण्या झाल्याच नव्हत्या काय? झाल्या होत्या. परंतु त्यांत एकविसाव्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ अशी खूण घातली होती. काहीही चालणार म्हटल्यावर तो रकाना उघडून पाहण्याचे कारणच पडले नाही. मार्च-एप्रिलमध्ये धाडलेल्या फायलींतही तीच खूण होती; त्या बिनबोभाट चालल्या. जुलैमध्ये त्या रकान्यासाठी पहिल्यांदा नेमकी अट आली.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्याला ‘युनिट टेस्टिंग’ म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमच्या लहानात लहान भागाची, तो सुटा करून घेतलेली चाचणी, तिचे महत्त्व सांगायला याहून ताजे आणि महागडे उदाहरण मिळणार नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपली म्हण सांगते. स्वयंपाकघरात ते खरे आहे, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजतात. सॉफ्टवेअरच्या भांड्यात प्रत्येक शिताची चूल निराळी असते. शेजारचे शीत शिजले म्हणून हे शिजले असेल, असे मानायला काहीच आधार नसतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी एक घरगुती उदाहरण घेऊ. (ते कल्पित आहे; कोणत्याही सरकारी खात्यावर हा आरोप नव्हे.) सातबाऱ्यावर वारसांची नोंद करताना क्षेत्राची समान वाटणी करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा आहे. जमीन १ हेक्टर ७ आर, म्हणजे १०७ आर. वारस तिघे. भागाकार केला की प्रत्येकी ३५.६६६ असे न संपणारे उत्तर येते. दोन दशांश स्थळांपर्यंत ते ३५.६७ होते. आता तिघांची बेरीज करा: १०७.०१. एक शतांश आर म्हणजे एक चौरस मीटर. कागदावर एक चौरस मीटर जमीन नव्याने जन्माला आली! याहून कमी जागेसाठी बांधावर डोकी फुटलेली आहेत आणि दिवाणी दावे दोन पिढ्या चाललेले आहेत.

युनिट टेस्ट म्हणजे याच प्रोग्रॅमशेजारी लिहिलेला आणखी एक चिमुकला प्रोग्रॅम. तो वाटणीच्या भागाला १०७ आणि ३ हे आकडे देतो, मिळालेल्या हिश्शांची बेरीज करतो आणि ती बरोबर १०७ नसेल तर बोंब मारतो. त्याला पडदा लागत नाही, तलाठी लागत नाही, सर्व्हरही लागत नाही. निमिषार्धात काम होते, म्हणून मूळ प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदलले की प्रत्येक वेळी तो पुन्हा चालवता येतो. अशीच एक चाचणी एका वारसासाठी, एक सात वारसांसाठी आणि एक शून्य वारसांसाठी. तिथे प्रोग्रॅमने उत्तर न देता नकार द्यायला हवा.

चूक सापडते हा या चाचणीचा उघड फायदा. मला तिचा दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो. ‘बेरीज १०७ च झाली पाहिजे’ असे लिहायला बसले की लगेच प्रश्न पडतो: तो उरलेला किंवा वाढलेला चौरस मीटर कोणाच्या नावे लावायचा? थोरल्याच्या? धाकट्याच्या? हा प्रश्न महसुली नियमांचा आहे. वातानुकूलित कचेरीत बसलेल्या पंचविशीतल्या प्रोग्रॅमरने तो परस्पर सोडवायचा नाही. चाचणी लिहिली नाही तर तो त्याच्याही नकळत सोडवला जातो.

‘आधी चालत होते’ हा या धंद्यातला सर्वांत जुना दिलासा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियन-५ हे नवे अग्निबाण पहिल्यांदा झेपावले. मुख्य इंजिन पेटल्यापासून सदतीस-अडतीस सेकंदांत ते मार्ग सोडून आडवे झाले आणि फुटले. सोबत चार वैज्ञानिक उपग्रह गेले. प्राध्यापक लायन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दीड महिन्यात, योगायोगाने १९ जुलैलाच, अहवाल दिला. अग्निबाणाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन-४ मधून जसेच्या तसे उचलले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित असा एक मोठा आकडा १६ बिटांच्या लहान खणात कोंबला जाई. त्या खणात ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. एरियन-४ चा आडवा वेग बेताने वाढत असे, म्हणून आकडा मावत राहिला. एरियन-५ चा वेग फार लवकर वाढतो. आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. मदतीला असलेली दुसरी यंत्रणा? तिच्यातही हेच सॉफ्टवेअर होते. ती क्षणभर आधीच बंद पडली होती.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. हा हिशेब करणाऱ्या भागाचे काम अग्निबाण जमिनीवरून उठताच संपत होते. एरियन-४ च्या गरजेपोटी तो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवलेला होता, आणि ती गरज नव्या अग्निबाणाला नव्हतीच. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना मुद्दाम दिले नव्हते, कारण ते कधीच फार मोठे होणार नाहीत असे मानले गेले. नव्या मार्गाचे आकडे त्या भागाला एकदा देऊन पाहिले असते तर दोष जमिनीवरच सापडला असता. मंडळाच्या अहवालाचाही रोख तोच आहे.

अग्निबाण फुटला, माणसे वाचली. थेरॅक-२५ च्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. कॅनडातील सरकारी अणुऊर्जा कंपनीने बनवलेल्या या किरणोपचार यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा कर्करुग्णांना प्रचंड प्रमाणात किरणे दिली. त्यातून मृत्यूही ओढवले. एक दोष असा होता: यंत्राची मांडणी तपासायची आहे, हे लक्षात ठेवणारा एक आकडा दर फेरीला एकाने वाढे. तो एका बाइटमध्ये ठेवलेला होता, त्यामुळे दर २५६ व्या फेरीला तो शून्य होई. शून्य म्हणजे तपासायची गरज नाही! नेमक्या त्या क्षणी तंत्रज्ञाने बटण दाबले की तपासणी वगळली जाई. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाचा जो सविस्तर शोधनिबंध लिहिला, त्यात त्यांचे निरीक्षण आहे की सुट्या भागांच्या चाचण्या जेमतेम झाल्या होत्या आणि सारा भर जोडलेल्या यंत्राच्या एकत्रित चाचणीवर होता. एकत्रित चाचणीत २५६ वी फेरी आणि ते बटण यांची गाठ पडायला किती नशीब लागेल? सुट्या भागाला मात्र तीनशे फेऱ्या मारायला सेकंदही लागला नसता.

चाचणी आणि मूळ कोड शेजारी शेजारी वाढवण्याची आजची रीत रुजवण्यात केंट बेक या अमेरिकी प्रोग्रॅमरचा वाटा मोठा आहे. १९९४ च्या सुमारास त्यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची एक लहान चौकट तयार केली. १९९७ मध्ये त्यांनी आणि एरिख गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट लिहिले, तेही विमानप्रवासात. आधी चाचणी लिहायची, ती नापास होते हे पाहायचे आणि मगच कोड लिहायचा, असा बेक यांचा आग्रह. हा आग्रह सर्वांनाच पटत नाही. मलाही तो प्रत्येक ठिकाणी आवश्यक वाटत नाही. मात्र दोष सापडल्यावर तो दाखवणारी चाचणी आधी आणि दुरुस्ती नंतर, या क्रमाबद्दल तडजोड नसावी. नापास झालेलीच चाचणी पास होताना दिसली तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येते. शिवाय तोच दोष तीन वर्षांनी पुन्हा घुसला तर दाराशीच अडतो.

चाचणीतले अपेक्षित उत्तर नियमावरून, कागदावर काढायचे असते. प्रोग्रॅम चालवून जे उत्तर आले तेच चाचणीत उतरवून ठेवणे म्हणजे विद्यार्थ्याच्या वहीवरून उत्तरपत्रिका तयार करणे होय. आणि हे सर्रास चालते. आकडे हद्दीवरचे घ्यावेत: शून्य, एक, कमाल आणि कमालच्या पुढचा. चाचणी आजच्या तारखेवर विसंबलेली नसावी. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अझुर सेवा कित्येक तास विस्कळीत झाली, कारण एका प्रमाणपत्राची मुदत ठरवताना वर्षात एक मिळवला गेला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वात नसलेली तारीख तयार झाली. पंचांगात अधिक मास पाहणाऱ्या आपल्या आजीला ही शंका आधी आली असती. संगणकाच्या घड्याळावर चालणारी चाचणी चार वर्षांतले १,४६० दिवस पास होते; म्हणून तारीख बाहेरून, हवी ती देता आली पाहिजे.

व्यवस्थापकांना टक्केवारी आवडते, म्हणून ‘कव्हरेज’ नावाचा आकडा भिंतीवर झळकतो: कोडच्या इतक्या टक्के ओळी चाचण्यांत चालल्या. ओळ चालणे आणि तिचे उत्तर तपासणे यांत फरक आहे. क्राउडस्ट्राइकच्या चाचण्यांतही फाइल चालली होतीच.

युनिट टेस्टने सगळे साधते असा दावा कोणी करू नये. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने रेट्याचे आकडे न्यूटन-सेकंदांऐवजी पौंडांच्या मापात दिले होते. माप पौंडांचेच आहे असे समजणाऱ्या माणसाने चाचणी लिहिली असती तर तीही पास झाली असती. लिहिणाऱ्याचा गैरसमज चाचणीतही उतरतो, म्हणून ती दुसऱ्या जाणत्या माणसाने वाचावी लागते आणि भाग जोडल्यावर वेगळ्या चाचण्या घ्याव्याच लागतात.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. वाय-टू-के च्या लाटेत मुंबई-पुण्याच्या हजारो मुलांनी परक्यांच्या जुन्या कोबॉल प्रोग्रॅममधल्या तारखा शोधून दुरुस्त केल्या. दुसऱ्याचा कोड जपून हाताळण्याची शिस्त तिथे मिळाली. पण त्याच उद्योगात ‘टेस्टिंगला टाकले’ हे वाक्य आजही शिक्षेच्या सुरात उच्चारले जाते, आणि कंत्राटाची तारीख जवळ आली की पहिली कात्री चाचण्यांनाच लागते. पडद्यावर नवे बटण दिसते, त्याचे बिल लागते. चाचणी ग्राहकाला दिसत नाही. आता तर यंत्रच कोड लिहून देते आणि मागितल्या तर चाचण्याही. कोड आणि चाचणी दोन्ही एकाच यंत्राने, एकाच समजुतीवर लिहिली तर विद्यार्थ्याच्या वहीवरची ती उत्तरपत्रिका पुन्हा आलीच. वाटणीचा नियम काय, हे सांगायला माणूसच बसवावा लागेल.

नगरपालिकेची करआकारणी असो, विद्यापीठाचे निकाल असोत की जमिनीच्या नोंदी, सार्वजनिक पैशाने बनणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या निविदेत दोन ओळी घालायला फारसा खर्च येणार नाही. मूळ कोडसोबत त्याच्या चाचण्याही खात्याच्या मालकीच्या असतील, ही पहिली. आणि काम ताब्यात घेताना त्या खात्याच्या संगणकावर, खात्याच्या माणसासमोर चालवून दाखवल्या जातील, ही दुसरी. कंत्राटदार दर काही वर्षांनी बदलतो. नव्याच्या हाती जुन्याचा लाखो ओळींचा कोड पडतो आणि त्यातली एक ओळ बदलल्यावर कोणाचा उतारा, कोणाची गुणपत्रिका बिघडली, हे सांगायला मागे दुसरे कोणी उरलेले नसते.