लोकसभेला उठली, विधानसभेला बसली : काँग्रेसचं गणित गावात कुठं चुकलं?

दहा वर्षं मार खाल्लेला पक्ष एका निवडणुकीत उभा राहतो आणि पाचच महिन्यांत पुन्हा खाली बसतो. 2024 मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसचं नेमकं हेच झालं.

आधी आकडे बघू. राज्यात लोकसभेच्या 48 जागा. 2014 ला काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली या दोनच मिळाल्या. 2019 ला तर फक्त चंद्रपूर आलं. तिथले बाळू धानोरकरही ऐनवेळी शिवसेनेतून आलेले. त्यानंतर 2024 ला पक्षानं 17 जागा लढवल्या आणि 13 जिंकल्या. राज्यात सगळ्यात जास्त खासदार काँग्रेसचे झाले. नोव्हेंबरमध्ये विधानसभा लागली. शंभराच्या वर जागा लढवून हाती आल्या 16. आधीच्या विधानसभेत 44 होत्या.

लोकसभेला काय जुळून आलं?

पहिलं कारण शेतमालाचा भाव. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. बंदी उठली ती 4 मे 2024 ला, मतदानाचे पहिले दोन टप्पे उरकल्यावर. तोवर शेतकऱ्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन आणि कापसाच्या भावाची तीच रड होती.

दुसरं, मराठा आरक्षण. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठवाड्याचं वातावरण फिरलं. जालन्यात रावसाहेब दानवे यांच्यासारखा केंद्रीय मंत्री काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून हरला. तिसरं, संविधान बदलणार ही भीती. दलित आणि मुस्लिम मतं मोठ्या प्रमाणावर एकाच बाजूला गेली.

पण जागा दिसतात तेवढा मतांतला फरक नव्हता. आघाडीला 30 आणि महायुतीला 17 जागा, तरी दोघांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. धुळ्याचं उदाहरण घ्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढं होते. एकट्या मालेगाव मध्यनं पारडं फिरवलं आणि शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. विधानसभेला त्याच मालेगाव मध्यची जागा एमआयएमनं राखली आणि उरलेल्या पाचही महायुतीकडे गेल्या. काँग्रेसच्या पदरात काहीच नाही.

पाच महिन्यांत काय घडलं?

लोकसभेच्या निकालानं सरकार हललं. जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1,500 रुपये. मतदानाच्या आधी पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये खात्यावर पडले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं वीजबिल माफ झालं. सप्टेंबरमध्ये कांद्याची किमान निर्यात किंमत काढली, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं.

गंमत अशी, की सोयाबीनचा भाव तेव्हाही पडलेलाच होता. हमीभाव 4,892 रुपये, बाजारात त्याच्या खाली विक्री. म्हणजे शेतकऱ्याचा राग संपला नव्हता. पण घरातल्या बाईच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला होता. आघाडीनं 3,000 रुपये देऊ म्हटलं. तो वायदा होता, 1,500 मात्र हातात पडले होते. लोकसभेला 61 टक्क्यांच्या आसपास झालेलं मतदान विधानसभेला 66 वर गेलं, त्यात बायकांच्या रांगा लांब होत्या.

इकडं आघाडीत जागावाटप आणि मुख्यमंत्री कोण यावरून अर्ज भरायच्या मुदतीपर्यंत ओढाताण चालली. निकालात महायुतीच्या तीन पक्षांची मतं मिळून 48 टक्के आणि आघाडीच्या तीन पक्षांची 34 टक्क्यांच्या जवळ. मतदार यादीत घोळ झाल्याचा आरोप काँग्रेसनं केला, निवडणूक आयोगानं तो फेटाळला. हा वाद बाजूला ठेवला तरी संगमनेरला बाळासाहेब थोरात आणि कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले. साकोलीत तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले 208 मतांनी कसेबसे वाचले.

नांदेडनं दाखवलेली गोम

सगळ्यात बोलकं उदाहरण नांदेडचं. अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, तरी लोकसभेला काँग्रेसचे वसंतराव चव्हाण जिंकले. ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी झाली. एकाच मतदारानं, एकाच केंद्रात, दोन यंत्रांवर दोन बटणं दाबली. लोकसभेला त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी निवडून आले. आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीनं घेतल्या.

इथंच खरी गोम आहे. दिल्लीसाठी मत देताना लोक हातावर बटण दाबायला तयार होते. तालुक्यातलं काम कोण करणार, रस्ता, पाणी, पीकविम्याची फाईल कोण हलवणार, याचा विचार करताना त्यांना समोर काँग्रेसचा माणूस दिसला नाही. लोकसभेचं मत मोठ्या प्रमाणावर सरकारवरच्या रागाचं होतं. पक्षानं ते आपलं घरचं मत समजून घेतलं आणि बुथवरची माणसं जोडायचं काम राहून गेलं.

माणसं का नाहीत, यालाही कारण आहे. साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती या संस्थांमधून काँग्रेसचा कार्यकर्ता घडायचा. त्या संस्था धरून असलेले कितीतरी नेते गेल्या दहा-बारा वर्षांत दुसऱ्या पक्षात गेले आणि जाताना कार्यकर्तेही घेऊन गेले. त्यात मार्च 2022 नंतर बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. ज्याला ना पद, ना निधी, तो विरोधी पक्षाचा झेंडा किती दिवस धरणार? सत्तेतल्या कार्यकर्त्याला निदान मंत्र्याचं पत्र तरी मिळतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले. बुलढाणा जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेले, म्हणजे गावाकडच्या राजकारणातून वर आलेले नेते. त्यांची परीक्षा मुंबईच्या पत्रकार परिषदेत होणार नाही, ती गणात आणि गटात होईल.

गावकऱ्यांच्या दृष्टीनं या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. लोकसभेला दणका बसला म्हणून पाच महिन्यांत योजना आल्या, वीजबिल माफ झालं, कांद्यावरच्या अटी सैल झाल्या. विरोधी पक्ष तालुक्यात जिवंत असला, तर सत्तेवरचा माणूस धाकात राहतो. तो फक्त पाच वर्षांतून एकदा, लाटेवर येत असेल, तर मधल्या काळात सोयाबीनच्या भावाबद्दल विचारायला कोणाच्या दारात जायचं?