डफचा ‘चर’

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या हवाई दलात विंग कमांडरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले डफ रॉब्लिन १९४९ मध्ये मॅनिटोबा प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले. आजोबा याच प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होते. पुढच्याच वर्षी रेड नदीच्या पुराने राजधानी विनिपेग बुडाली आणि सुमारे एक लाख लोकांना घरे सोडावी लागली.

रॉब्लिन १९५८ मध्ये स्वतः प्रीमियर झाले, तेही अल्पमतातील सरकार घेऊन. त्यानंतर त्यांनी शहराला पूर्वेकडून वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा पूरकालवा रेटून नेला. खर्च सहा कोटी तीस लाख डॉलर. निम्म्याहून अधिक वाटा केंद्राकडून मिळवला, हे विशेष. विरोधकांनी त्याला ‘डफचा चर’ म्हणून हिणवले. त्यात नवल नाही. क्वचित येणाऱ्या पुरासाठी आजच पैसे मोजायला कोणता मतदार राजी होतो?

१९६७ मध्ये त्यांच्या सरकारने पाच टक्के विक्रीकर लावला. त्याच वर्षी पद सोडून ते राष्ट्रीय राजकारणाकडे वळले आणि १९६८ च्या संसदीय निवडणुकीत विनिपेगमध्येच पराभूत झाले. या पराभवात विक्रीकराचा रोष मोठा होता. कालवा त्याच वर्षी पूर्ण झाला.

१९९७ च्या महापुरात सीमेपलीकडचे ग्रँड फोर्क्स बुडाले. विनिपेग मात्र बचावले. ‘चर’ हा शब्द तेव्हा कौतुकाचा झाला. अर्थात कालव्याच्या तोंडाशी दरवाजे उचलले की नदीचे पाणी दक्षिणेला तुंबते आणि तिथल्या गावांची तक्रार त्या वर्षीही तितकीच खरी होती.