आधी ब्रॅकेट, मग लॅपटॉप

इथे ब्रिटनमध्ये जुन्या एमजीबीचे कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवणारे हौशी बरेच. चर्चा मात्र सगळी ईसीयू नि मॅपिंगची. मी सॉफ्टवेअरवाला असूनही म्हणेन, आधी क्रँक सेन्सरच्या ब्रॅकेटवर खर्च करा. पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला तोच सांगतो. सेन्सर आणि दातेरी चाकातली फट जेमतेम १ मिमी; पातळ पत्रा थरथरला की सिग्नल गडबडतो. ब्रॅकेट जाड हवं, थेट इंजिन ब्लॉकवर. बॉडीवर नको, इंजिन रबरावर हलतं. पुलीत रबर असेल तर चाक तिच्या बाहेरच्या कड्यावरही नको. कडं ५ अंश सरकलं की स्पार्क तेवढाच चुकतो, पिस्टनही जाऊ शकतो, आणि स्क्रीनवरचा आकडा बरोबरच दिसत राहतो! टायमिंग लाइट लावून बघाच.