परक्या गांवचा लोहार

घोड्यावर बसून गुरांचे कळप हांकणारे अमेरिकेतील गुराखी, म्हणजेच काउबॉय, बुटाच्या टांचेवर एक लोखंडी कांटा बांधतात. १८६५ सालीं तेथील यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमधून लाखों गुरें उत्तरेकडे जाऊं लागलीं आणि या कांट्यास मोठी मागणी आली.

टेक्सासमधील व्हिक्टोरिया गांवीं बियांकी नांवाचा, इटलीहून आलेला एक लोहार असे कांटे घडवीत असे. टांचेस वेढणारी पट्टी, मागें निघालेला दांडा व त्याच्या टोंकाशीं फिरणारें दांतेरी चक्र, हे कांट्याचे तीन भाग. पट्टी हलतां कामा नये, दांडा धडपडींत मोडतां कामा नये, आणि चक्रानें घोड्यास इशारा मिळावा पण जखम होऊं नये. म्हणून चांगला कारागीर दांते बोथट ठेवतो. वस्तु वीतभरहि नाहीं; परंतु भट्टी, ऐरण व कानस या तिन्हींवरील हुकमत तींत दिसून येते.

बियांकीच्या दांड्याचें वळण बाटलीचें झांकण काढण्याच्या हत्यारासारखें असे, व लोकांनीं त्यास तेंच गमतीचें नांव ठेविलें. जाणकार मात्र त्यास ‘व्हिक्टोरिया’ घाट म्हणतात. लोहार इटलीचा, पण घाटास नांव टेक्सासच्या गांवाचें! परक्या मुलखांत आपलेपणा मागून मिळत नाहीं. तेथील माणसांची नड ओळखून हातून चोख काम घडलें, म्हणजे तो आपण होऊन येतो. ज्यांचीं मुलें दूरदेशीं आहेत, त्यांनीं ही हकीकत त्यांस अवश्य कळवावी.