सातबाऱ्यात न मावणारी वाट

शेतजमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असतात. पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला ओढा, वगैरे. या चार दिशांच्या आत शिरायचे कुठून, हे मात्र अनेक खतांत लिहिलेले नसते. बँकेत असताना विहिरीच्या कर्जासाठी शेत पाहायला जावे लागे. सातबारा, आठ-अ, नकाशा, सगळे कागद जागच्या जागी. आणि शेतापर्यंत आम्ही तिघाचौघांचे बांध तुडवत जात असू. त्यांतल्या एकाने उद्या ‘नाही’ म्हटले तर ऊस बाहेर कसा काढणार, हा प्रश्न कर्जाच्या छापील अर्जात नव्हता.

इंग्रजी अमदानीतल्या भूमापनापासून चालत आलेल्या गावनकाशांवर वाटा आहेत. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. शेतावर जाण्याच्या बऱ्याचशा वाटा मात्र नकाशावर नाहीतच. त्या वहिवाटीने चालत आल्या. पुढे वाटण्या झाल्या, एका शेताचे चार तुकडे झाले. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, म्हणजे वाट रुंद हवी झाली. आणि नेमका तेव्हाच जमिनीचा भाव वाढून शेजारी नांगराचे एकेक तास बांधात घालू लागला. भाऊबंदकीला आपल्याकडे निमित्त लागत नाही, पण वाटेइतके हुकमी निमित्त दुसरे नाही.

कायदे नाहीत असे नाही. वहिवाटीच्या वाटेवर अडथळा केला, तर तो काढण्याचा हुकूम १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार देऊ शकतो. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत हवा. शेताला वाटच नसेल, तर १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली. मे २०२५ मध्ये तर शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असा निर्णय केला. ही नोंद फार पूर्वीच व्हायला हवी होती.

पण कलम १४३ वाचताना एक गोष्ट खटकते. तिथे वाट मागू शकतो तो जमीनधारक. शेळ्यामेंढ्या घेऊन उतरणारा धनगर, सरपणाला जाणारी बाई, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारा भूमिहीन, यांच्या नावावर गटच नाही, मग त्यांनी अर्ज कोणत्या रकान्यात भरावा? कोकणात गडगा घालतानाही माणसाला जायला बेडे ठेवीत. आता फार्महाऊसची भिंत चढते, तिला लोखंडी फाटक लागते, आणि नदीवर, देवराईत किंवा गडावर जाणारी वाट तिथेच संपते. संहितेच्या कलम २० प्रमाणे, खाजगी मालकीच्या नसलेल्या वाटा शासनाच्या. मात्र ही वाट सार्वजनिक होती, हे सिद्ध करायला कचेरीत खेटे कोण घालणार? ज्याची रोजी त्यात बुडते तो तर नाहीच.

ज्यांच्या राज्यात आपली मोजणी झाली, त्यांनी स्वतःच्या देशात १९४९ मध्ये कायदा करून इंग्लंड-वेल्समधल्या सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे काम काउंटी कौन्सिलांवर टाकले. जमिनीचा मालक कोणी का असेना, नकाशावर आलेल्या वाटेने कोणालाही जाता येते. शिवाय लोक वीस वर्षे बिनदिक्कत वापरत असलेली वाट सार्वजनिक धरली जाऊ शकते. आपल्याकडेही १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांच्याच वापराची भाषा करतो. परंतु तिथे मुख्यतः एका जमिनीसाठी दुसऱ्या जमिनीवरचा हक्क पाहिला जातो. चालणारा माणूस त्यात बसत नाही.

शेतरस्त्यांच्या नोंदी होणारच आहेत, तर त्याच फेरीत नकाशावरची एकेरी तुटक रेषाही पायी तपासून घ्यावी. ग्राममहसूल अधिकाऱ्याने त्या दिवशी खातेदारांबरोबर मजूर बायांना आणि मेंढपाळांनाही शिवारात बोलवावे, आणि सापडलेल्या वाटांची यादी ग्रामसभेत वाचावी. रब्बी निघाल्यावर पावसापर्यंत शेते मोकळी असतात; तेवढ्या दिवसांत हे काम उरकता येईल.