दूध वर्ज्य झाले, म्हणून रुची का वर्ज्य व्हावी?

मनुष्याच्या ताटातून एखादा पदार्थ उचलून घेणे सोपे आहे; परंतु त्याची रिकामी जागा आनंदाने भरून काढणे अवघड आहे. आमच्या शाळेत व आसपासच्या कुटुंबांत अशी काही मुले आहेत, की ज्यांस डॉक्टरांनी दूध व दुधाचे पदार्थ बंद करावयास सांगितले आहे. अशा मुलाच्या वाट्यास पहिल्या दिवसापासून काय येते, ते आपण सर्वजण पाहतोच. घरी आजी हळहळते, शेजारीण कीव करते, आणि परीक्षेच्या निकालाचे पेढे वाटले जात असता त्याच्यापुढचे तबक मुकाट्याने पुढे सरकते. दुखणे पोटाचे; शिक्षा मात्र मनास! ही शिक्षा अगदी अनावश्यक असून ती टाळणे आपल्या स्वयंपाकघराच्या हाती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तेच आम्ही येथे वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे, की दूध न चालणे हा काही नखरा नव्हे, की चारित्र्यातील दोषही नव्हे. दुधात जी साखर असते तिचे पचन करण्यास आपल्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचकरस लागतो. तान्हेपणी तो विपुल असतो. पुढे बहुतेकांत तो कमी होत जातो. जगातील प्रौढ माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांशांची स्थिती अशीच आहे. न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात गेली, म्हणजे तेथील जंतू तिला आंबवितात. त्यामुळे पोट फुगते, कळा येतात व रेच होतात. अशा माणसास थोडे ताक किंवा दही पुष्कळदा सोसते. परंतु दुसऱ्या काही मुलांस दुधातील प्रथिनांचेच वावडे असते. त्यांच्या अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, प्रसंगी श्वास कोंडून जिवावरही बेतते. त्यांस ताकाचा एक चमचाही वर्ज्य समजावा. या दोन अवस्थांत भेद न करता 'थोडेसे घेतल्याने काय होते?' असा आग्रह करणारे पाहुणे प्रेमळ असतील, पण शहाणे खचित नव्हेत. कोणत्या मुलास काय सोसते याचा निर्णय शेजाऱ्याने किंवा आप्ताने नव्हे, तर डॉक्टरांनीच द्यावा, परळास के. ई. एम. व मुलांचे वाडिया रुग्णालय जवळच असता या कामी हयगय करण्यास सबब उरत नाही.

आता पर्यायांचा विचार करू. आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेक घरांची चूक येथेच होते. दूध बंद झाले, की तीच बासुंदी, तेच श्रीखंड व तोच चहा कशाच्या तरी पांढऱ्या पाण्यात करण्याचा खटाटोप सुरू होतो. मूळ पदार्थाची चव जिभेवर ताजी असल्यामुळे ही नक्कल फिकी लागते, आणि आपणांस काही तरी उणे मिळाले ही भावना मुलाच्या मनात घर करून बसते. याउलट जो पदार्थ जन्मतःच दुधावाचून आहे, त्याची तुलना कोणाशी करावयाची? सोलकढी पिताना कोणास ताकाची आठवण होऊन डोळ्यांस पाणी येत नाही! म्हणून आमचा पहिला नियम असा, की नकलेपेक्षा स्वतंत्र पदार्थ निवडावा. आणि दुसरा असा, की तो एकट्या मुलासाठी वेगळा न करता घरातील सर्वांच्या पानांत वाढावा.

असे पदार्थ शोधावयास दूर जावे लागत नाही. आमचे गिरगाव, दादर, परळ व लालबाग हे भाग ज्या कोकणी माणसांनी वसविले व गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्यांची घड्याळे चालली, त्यांच्या चुलीवर दुधाचे राज्य कधीच नव्हते. भाकरी, भात, कुळथाचे पिठले, नारळाच्या वाटणाची आमटी किंवा माशांचे कालवण, आणि शेवटी सोलकढी, असा तो आहार होता. दूध आले तर चहापुरते. गिरणगावातील ज्या बायका आपल्या घरी कामगारांच्या खानावळी चालवीत, आणि ज्यांच्या हितासाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले, त्यांनी हजारो माणसांची पोटे याच अन्नावर भरली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व भोंगेही थांबले. परंतु ती चव नाहीशी झालेली नाही. तेव्हा दुधावाचून जेवण म्हणजे काही परदेशी खूळ, असे मानणाऱ्यांनी आपल्याच आजीस एकदा विचारून पाहावे.

या पाककलेचा राजा म्हणजे नारळ. ओले खोबरे वाटून पहिल्याने पिळून निघतो तो दाट रस. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा पिळले, की पातळ रस मिळतो. खीर करताना तांदूळ किंवा गव्हले पातळ रसात शिजवावे, गूळ घालावा, व दाट रस अगदी शेवटी घालून एक कढ येण्यापूर्वीच भांडे उतरावे; जास्त उकळल्यास रस फुटतो. गाईम्हशीच्या दुधाच्या खिरीत गूळ घातल्यास दूध नासण्याची धास्ती असते. नारळाचा रस गुळाशी आनंदाने नांदतो. वेलदोड्याची पूड पडल्यावर त्या खिरीस जो स्वाद येतो, तो दुधाच्या खिरीची नक्कल नव्हे. ती वेगळीच मेजवानी आहे. तांदळाच्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खाण्याची कोकणातील रीत, म्हणजे शिरवाळे, तिच्याच जातीची. सोलकढीसाठी आमसुले कोमट पाण्यात भिजवून, त्यांचा आगळ, लसूण, मिरची व मीठ नारळाच्या रसात मिसळावे. ती चुलीवर चढवू नये व फार वेळ ठेवूही नये.

रोजच्या जेवणातही हेच धोरण ठेवावे. कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू व दाण्याचे कूट, भाकरीवर लोण्याऐवजी तेल घालून कालविलेली तिळाची किंवा लसणीची चटणी, आणि वरणभातावर लिंबाची फोड. चहा कोराच घ्यावा. पण त्यात गवती चहा, आले व किंचित गूळ असावा. दुधाच्या चहातून दूध काढून टाकल्यास उरते ते कडू पाणी; गवती चहाचा काढा मात्र मूळचाच कोरा. उन्हाळ्यात कैरीचे पन्हे व कोकमाचे सरबत असता लस्सीवाचून कोण तळमळेल? आमरसात दूध घालण्याची काही घरांची सवय तर आमच्या मते आंब्याचा अपमानच होय.

सणावारी गोष्ट अधिक नाजूक असते. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून आमच्या चाळींतील गणपतीचे दिवस म्हणजे प्रसादाचे दिवस. उकडीच्या मोदकात तांदळाचे पीठ, खोबरे व गूळ एवढेच मुख्य असते. उकडीत दूधलोणी न घालता तेलाचे चार थेंब घातले व वरची तुपाची धार ज्याने त्याने आपल्या वाटीत घेतली, तर एकाच पातेल्यातील मोदक सर्वांस चालतात. संक्रांतीचा तिळगूळ, नागपंचमीच्या पातोळ्या व दिवाळीतील चकलीचिवडा यांतही दुधाचे काम नाही. मोहन तेलाचे घातले म्हणजे झाले. लालबागची चिवडा गल्ली तर या कामी आपली कोठीच आहे. नाताळात गोव्याकडील घरांतून तांदळाचे पीठ, नारळाचा रस व काळा गूळ तासन् तास ढवळून दोदोल करितात, तोही तसाच. यापुढे निकालाच्या दिवशी पेढ्यांबरोबर तिळाची चिक्की वाटण्याचा प्रघात पडला, तर त्या तबकापुढून कोणाही मुलास हात मागे घ्यावा लागणार नाही.

बाजारच्या पदार्थांविषयी मात्र सावध राहावे. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास जन्मलेला म्हणून सांगतात तो वडापाव बटाटा, डाळीचे पीठ, पाव व लसूणखोबऱ्याची चटणी यांचाच बनलेला. परंतु पावास लोणी फासले आहे काय, हे विचारून घ्यावे. बिस्किटे, चॉकलेटे व कित्येक पाव यांत दूध लपलेले असते. वेष्टनावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे' अगर 'केसीन' असे शब्द दिसले, की ते दूधच समजावे. हे वाचण्याची सवय मुलाने स्वतः लावून घ्यावी. आई प्रत्येक दुकानापर्यंत बरोबर येणार नाही.

येथवर रुचीविषयी झाले. पण रुची म्हणजे पोषण नव्हे, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो. या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ साली ते फार आजारी पडले, तेव्हा दुधास पर्याय म्हणून कोणी मुगाचे पाणी, कोणी मोहाचे तेल, तर कोणी बदामाचे दूध सुचविले. या प्रयोगांत शरीर झिजले. मुंबईत डॉ. दलाल यांनी १९१९ च्या आरंभी शस्त्रक्रिया केली व दुधावाचून प्रकृती सुधारणार नाही असे बजाविले. तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी बकरीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर राहिले, पण आत्मा गेला, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेविली आहे. ज्या मुलास दुधाचे वावडे आहे, त्याने मात्र बकरीच्या दुधाचा मार्ग धरू नये. त्यातही तीच साखर व तशीच प्रथिने असतात.

यावरून आम्ही असा बोध घेतो, की दुधाची सर्व कामे करणारा एकच पदार्थ शोधणे व्यर्थ आहे. ती कामे अनेकांत वाटून द्यावी. नारळाचा रस चवीचे काम करील, पण त्यात प्रथिने व कॅल्शियम फार थोडे. त्याच्या भरवशावर हाडे वाढणार नाहीत. हाडांसाठी नाचणी पाहा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. सर्वच अंगी लागते असे नाही, तथापि नाचणीस मोड आणून दळल्यास ते अधिक अंगी लागते. जोडीस तीळ, राजगिऱ्याचा पाला, आणि चालत असेल त्यांस काट्यांसकट खाण्याची बारीक मासळी व सुकट आहेच. प्रथिनांसाठी डाळी, चणे, शेंगदाणे व अंडी. राहता राहिले ते ब-१२ जीवनसत्त्व. ते शुद्ध स्थितीत वेगळे करण्यात यश आले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजी निवर्तले त्याच वर्षी. वनस्पतींत ते भरवशाचे मिळत नाही. म्हणून जे शाकाहारी कुटुंब दूधही सोडते, त्याने डॉक्टरांस विचारून त्याची गोळी अवश्य घ्यावी. आणि एका वर्षाच्या आतील बालकास नारळाचा, बदामाचा किंवा दुसरा कोणताही रस दुधाच्या जागी देऊ नये. ते काम सर्वस्वी डॉक्टरांचे आहे.

अपुऱ्या आहाराचे परिणाम किती खोल जातात, हे परळानेच जगास दाखविले आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या विदुषी मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरीब गर्भवती स्त्रियांस, त्यांत गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या, जडणाऱ्या रक्तक्षयाचा शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यातील गुणकारी द्रव्यास फोलेट हे नाव मिळाले. हेच द्रव्य पालेभाज्यांत व डाळींत असते. पोट भरले म्हणजे शरीर पोसले असे नव्हे, हा त्या संशोधनाचा धडा दूध सोडणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

कोणी म्हणेल, हे सर्व खर्चाचे व कटकटीचे आहे. सोया, बदाम व ओट यांची बाजारात बाटलीबंद मिळणारी पेये महाग असतात, हे आम्हांस मान्य आहे. घ्यावयाची तर कॅल्शियम घातलेली व साखर न घातलेली पाहून घ्यावी. परंतु नाचणी, तीळ, शेंगदाणे व आमसुले ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. खरी अडचण पैशाची नसून सवयीची आहे. आणि सवय बदलावयास पहिले दोनतीन आठवडेच काय ते जड जातात.

शेवटी पालकांस आमची विनंती आहे, की मुलास काय मिळणार नाही त्याची यादी त्याच्यापुढे रोज वाचू नये. आज काय गोड शिजले आहे ते सांगावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या बाकावर असा सोबती असेल, तर त्याची कीव करू नका व थट्टाही करू नका. त्याच्या डब्यातील नाचणीचा लाडू मागून खा. दुधावाचून मनुष्य सुखाने राहू शकतो. परंतु पंक्तीतून उठविला गेलेला मुलगा पंचपक्वान्नांनीही सुखी होत नाही. पर्याय असा शोधावा, की जो पाहून पंक्तीतील दुसऱ्यांनीही आपले पान पुढे करावे.